गाणे कोणत्या वयाचे?

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा भांडण झाले. कशावरून? तर गाण्यावरून!

गाव सातारा जिल्ह्यातले. वर्ग देवळाच्या ओसरीवर भरतो. त्या दिवशी वर्ग सुटत आला होता. विशीतला एक मुलगा कोपऱ्यात फोनवर गाणे लावून बसला. गाणे नवे होते, ठेका जोराचा होता. पाटी पुसता पुसता एक आजी म्हणाल्या, "बंद कर रं बाबा त्ये! कानाला दडं बसलं. आमच्या वेळंला गाणी व्हती. ह्यो निस्ता धिंगाणा."

मुलगा हसून म्हणाला, "आजी, तुमचं गाणं ऐकलं की मला झोप येती."

झाले! ओसरीवर दोन पक्ष पडले. म्हातारी माणसे एका बाजूला, तरुण दुसऱ्या बाजूला. मधल्या वयाची माणसे तेवढी गप्प बसली. त्यांना दोन्ही गाणी आवडत होती, पण बोलायची चोरी!

आम्ही म्हटले, "मंडळी, भांडू नका. उद्या याचाच धडा घेऊ." तोच हा धडा.

आवड वेगळी का?

आपण पाळण्यापासून सुरुवात करू. खरे म्हणजे त्याच्याही आधीपासून. आईच्या पोटात शेवटच्या तीन महिन्यांत मुलाला आवाज ऐकू येऊ लागतो. म्हणून जन्मल्यावर त्याला आईचा आवाज ओळखीचा वाटतो. त्याला शब्द कळत नाहीत, पण अंगाईचा झोका कळतो.

तीन-चार वर्षांच्या मुलाला हातपाय हलवायचे गाणे हवे असते. टाळ्या वाजवायच्या, गिरक्या घ्यायच्या, तेच तेच पुन्हा म्हणायचे. आपल्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही.

तरुणपणी गाण्याची आवड फार जोराची असते. त्या वयात मन हळवे असते. मैत्री, प्रेम, पहिली कमाई, पहिली ताटातूट, सगळे तेव्हाच घडते. त्या दिवसांत कानावर पडलेली गाणी मनात घर करतात. पुढे सत्तराव्या वर्षीसुद्धा माणसाला तीच जास्त आठवतात. पुष्कळदा असे दिसते, की म्हातारपणी नातवाचे नाव आठवत नाही, पण तरुणपणचे गाणे आठवते.

आता आजींचे काय चुकले, सांगा बरे! त्यांची गाणी त्यांच्या तरुणपणाची. आणि मुलाचे तरी काय चुकले? त्याचे तरुणपण आज चालू आहे. आणखी पन्नास वर्षांनी तोही नातवाला म्हणेल, "आमच्या वेळची गाणी काय गोड!"

म्हणून आवडीवरून भांडू नये. पण एक जपावे. तान्ह्या मुलाच्या कानाला आणि म्हाताऱ्याच्या कानाला मोठा आवाज सोसत नाही. उतारवयात आधी उंच, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे शब्द नीट लागत नाहीत. गाणे मोठे केले तरी ते स्पष्ट होत नाही, नुसता त्रास होतो.

भजनात गात होते कोण?

दुसऱ्या दिवशी धडा सुरू झाला, तसे भजनी मंडळाचे बुवा पुढे आले. त्यांची तक्रार वेगळी होती. "दर एकादशीला भजन असतं. पोरं येत नाहीत. आमच्यामागं भजन बंद पडंल."

आम्ही मुलांना विचारले. आधी कोणी बोलेना. मग एक चौदा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बुवांचा सूर लई वरचा. आमचा आवाज फाटतो. सगळी हसत्यात."

मुलाचे म्हणणे खरे होते. बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. गळ्यातला कंठ वाढतो, आवाजाच्या तारा लांब आणि जाड होतात. आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. त्या दिवसांत तो कधी जाड निघतो, कधी एकदम चिरकतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मुलींचाही आवाज या वयात थोडा बदलतो, पण चटकन लक्षात येत नाही. अशा वेळी मुलाला ताणून गायला लावू नये, आणि हसू तर मुळीच नये. त्याच्या हातात टाळ द्यावा, पखवाज द्यावा. गळा विसावा घेतो, तोवर हात शिकतात.

मग आम्ही म्हाताऱ्या मंडळींना विचारले, "तुम्हाला तो वरचा सूर लागतो का?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी एक आजोबा म्हणाले, "खरं सांगू? धा वर्सं झाली, आम्ही निस्तं व्हट हालवतो."

तेव्हा मागे बसलेल्या एका बाई हळूच म्हणाल्या, "अवं, मग गातं कोण?"

सगळी ओसरी हसली. बुवाही हसले.

उतारवयात श्वास आखूड होतो. आवाजाच्या तारा पहिल्यासारख्या लवचीक राहत नाहीत. उंच सुराला गळा पुरत नाही. पण खालच्या सुरात तोच गळा पुष्कळ वर्षे चांगला चालतो.

पेटीत एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात. बुवा काळी पाच धरून गात. त्यांच्या गुरूंचा तो सूर. पुढच्या एकादशीला त्यांनी काळी दोन धरली. पहिला अभंग जरा चाचपडत झाला. दुसऱ्याला आजोबांचा आवाज निघाला. तिसऱ्याला बायाही म्हणू लागल्या. त्या चौदा वर्षांच्या मुलाने टाळ धरला होता. त्याचा ताल दोनदा चुकला, पण कोणी हसले नाही.

यात बुवांचा मोठेपणा आहे. चाळीस वर्षांचा सूर खाली आणणे सोपे नव्हे.

शिकायला वय लागते का?

बायांपैकी एकीने विचारले, "भजन ठीक. पण गाणं शिकायचं म्हंजी लहानपणापास्नं. आता आमी काय शिकणार?"

हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. म्हणून थोडी माहिती देतो.

पूर्वी गाणे शिकायचे तर गुरूच्या घरी राहावे लागे. गुरूची मर्जी असेल तर विद्या मिळे. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ही वाट रुंद केली. ते कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांचे डोळे अधू झाले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याजवळ ते गाणे शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे शाळेसारखे वर्ग, पुस्तके आणि परीक्षा होत्या. त्यांच्या शिष्यांनी पुढे ते काम वाढवले. आज गावोगाव गाण्याच्या परीक्षा होतात. त्यांना शाळेतली मुले बसतात, तशी मोठी माणसेही बसतात.

लहान मूल खेळता खेळता शिकते. कान कोवळा असतो, त्यामुळे सूर चटकन उचलते. पण ते एके जागी बसत नाही. मोठ्या माणसाचे उलटे असते. जीभ आणि बोटे लवकर वळत नाहीत, पण मन लावून बसता येते. अभंगाचा अर्थ कळतो. चूक कुठे झाली ते समजते. मुलाला रोज थोडा खेळ हवा, मोठ्याला रोज थोडा सराव हवा. रोज पाव तास गाणे बरे, आठवड्यातून एकदा दोन तास नको.

कुमार गंधर्वांची गोष्ट ऐका. ते १९२४ साली बेळगाव जिल्ह्यात जन्मले. दहा-अकरा वर्षांचे असतानाच ते मोठ्या मैफिलीत गाऊ लागले. लोक थक्क होत. पण ऐन तारुण्यात त्यांना क्षय झाला. हवापालटासाठी ते माळव्यात देवासला गेले. डॉक्टरांनी गाणे बंद केले. काही वर्षे अंथरुणावर गेली. गाता येत नव्हते, पण कान उघडे होते. खेड्यातली माणसे सणावाराला गात, ती गाणी ते ऐकत राहिले. औषधाने गुण आला, तेव्हा एक फुफ्फुस अधू झालेले होते. तरी ते पुन्हा गायला बसले. आता त्यांच्या गाण्यात माळव्याची लोकगीते आली होती.

एवढा मोठा गवई, पण खेड्यातल्या माणसांकडून नव्याने शिकला. मग आपल्याला लाज कसली?

लिहून ठेवलेले गाणे

आता आजींकडे वळू. त्याच आजी, ज्यांच्या कानाला दडे बसले होते.

त्या वर्गात आल्या तेव्हा म्हणत, "मला कशाला अक्षरं? गवऱ्या मोजायला?" एकदा आम्ही विचारले, "आजी, तुमच्या वेळची गाणी कोणती?" त्या म्हणाल्या, "जात्यावरच्या ओव्या. शंभरावर येत्यात मला." आम्ही म्हटले, "म्हणा की." त्यांनी तोंड उघडले, आणि थांबल्या. एकही ओवी आठवेना.

जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण म्हणतो. ते अगदी खरे निघाले. एका घरी परसात जुने जाते पडून होते. ते धुऊन ओसरीवर आणले. आजींनी खुंटा धरला. समोर त्यांची नातसून बसली. जाते फिरू लागले, आणि ओव्या येऊ लागल्या. माहेरची ओवी, भावाची, लेकीची, पंढरीची. गाणे मनात होते तसे हातातही होते!

गावात पिठाची गिरणी आली, हे फार बरे झाले. पहाटे उठून दळायचे कष्ट गेले. पण त्या कष्टाबरोबर गाणेही गेले. पूर्वी सून सासूसमोर बसून दळता दळता ओव्या शिके. आता ती जागाच उरली नाही. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून पुस्तकात छापल्या. पुढे हेमा राईरकर, गी प्वातवाँ आणि त्यांचे सोबती महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत फिरले. त्यांनी लाखावर ओव्या जमवल्या.

आपल्या रागदारी संगीतातही असेच घडले. विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे वकील. चाळिशी उलटल्यावर ते गाण्यासाठी दूरदूर हिंडले. जुन्या चिजा गवयांच्या तोंडी होत्या. गवई गेला की चीज जाई. भातखंड्यांनी त्या मिळवल्या, सुरांसह लिहिल्या आणि छापल्या. आज कोणीही ते पुस्तक उघडून शिकू शकतो.

आजींना आम्ही म्हटले, "तुमच्या ओव्या तुम्हीच लिहा." पहिली ओवी लिहायला त्यांना तीन रात्री लागल्या. काना राहिला, वेलांटी चुकली, पण लिहिली. मग फोनवाला मुलगा रोज त्यांच्याजवळ बसू लागला. शब्द अडला की तो सांगे. दोघांचे भांडण कधी मिटले, ते आम्हाला कळलेही नाही.

मागच्या पावसाळ्यात आजी गेल्या. त्यांच्या वहीत अकरा ओव्या आहेत. शंभरावर येत होत्या, त्यांतल्या अकरा राहिल्या. मुलाच्या खिशात फोन होता, त्यात आवाज भरता आला असता. ते आम्हाला वेळेवर सुचले नाही. ती चूक आमची.

त्या अकरा ओव्या नातसुनेला पाठ आहेत. बाळाला झोपवताना ती त्या म्हणते. बाळाला शब्द कळत नाहीत, पण झोका कळतो.

आपण काय करावे?

१. घरातल्या सर्वांत वडील माणसाला आज एक गाणे म्हणायला सांगा. शक्य असेल तर फोनवर भरून घ्या. शब्द आपल्या हाताने वहीत लिहा. कोणी म्हटले, ते नाव आणि तारीखही लिहा.

२. मुलांची गाणीही ऐका. न आवडले तरी एक पुरते ऐका.

३. एकत्र गायचे असेल तर सगळ्यांना झेपेल असा सूर धरा.

४. आवाज फुटलेल्या मुलाला हसू नका. त्याला वाद्य द्या.

५. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावू नये, असे २००० सालचे नियम सांगतात. सरकारने सूट दिलेले काही सणाचे दिवस तेवढे वेगळे. गावात हा नियम पाळा.

विचार करा, उत्तरे द्या

१. आजींना आणि मुलाला वेगवेगळी गाणी का आवडत होती?

२. बुवांनी सूर खाली आणला. त्याने काय झाले?

३. लहान मूल आणि मोठे माणूस यांच्या शिकण्यात काय फरक आहे?

४. भातखंडे आणि आजी यांनी केलेले सारखे काम कोणते?

५. तुमच्या गावात असे कोणते गाणे आहे, जे आता एकाच माणसाला येते? ते माणूस कोण? त्याच्याकडे तुम्ही कधी जाणार?