विचारलं, तर विचार मनात भरतो का?

प्रश्न : कापूस हातचा गेल्यापासून धाकटा भाऊ गप्प असतो. परवा बैलजोडी चुलतभावाला देऊन टाकली. म्हणाला, ‘आईला सांभाळ.’ घरचे म्हणतात, विषय काढू नको, बोभाटा होईल. विचारलं तर नको ते मनात भरेल का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : नाही. विचारल्याने जीव देण्याचा विचार रुजत नाही. उलट माणूस मोकळा होतो. बैलजोडी देऊन टाकणं, ‘आईला सांभाळ’ म्हणणं ही निरवानिरव धोक्याची खूण आहे. आजच शेजारी बसून थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ ऐकून घ्या, रागावू नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत, मराठीतून बोलता येतं. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. उपचारांनी माणसं सावरतात. उद्यावर ढकलू नका.