ओल्या फडक्यापासून रात्रपाळीच्या फोनपर्यंत

बऱ्याच सर्व्हर रूममध्ये आता गळतीची सूचना देणारं पॅनेल असतं. उचलत्या फरशीखाली, प्रिसिजन एसीभोवती एक केबल फिरवलेली असते. तिच्यावर पाणी आलं की पॅनेलवर लाल दिवा लागतो आणि बझर वाजतो. बसवणारा माणूस थोडं पाणी शिंपडतो, बझर ऐकवतो, कागदावर सही घेतो आणि जातो. पण सर्व्हर रूम कुलूप लावून ठेवायची जागा आहे. रविवारी पहाटे तीन वाजता तो बझर ऐकणार कोण? पॅनेलचं खरं काम त्याच्या टर्मिनल पट्टीवर आहे. तिथून निघालेला सिग्नल बीएमएसला (इमारतीच्या देखरेख यंत्रणेला), फायर पॅनेलला, व्हॉल्व्हला आणि शेवटी एखाद्या जाग्या माणसाला पोचला, तरच पैसे वसूल.

इथे धरलेली मांडणी सहकारी बँकेत, रुग्णालयात किंवा मध्यम कारखान्यात दिसते तशी आहे: दोन एसी, एक पॅनेल, आणि त्यात दोन रिले. एक रिले ‘लीक’चा, दुसरा ‘फॉल्ट’चा. केबल तुटली किंवा निसटली की फॉल्टचा रिले पडतो. तुमच्या पॅनेलचं मॅन्युअल हाताशी ठेवा. टर्मिनलचे नंबर आणि रिलेची क्षमता त्यातूनच घ्यायची, अंदाजाने नाही.

हत्यार काढण्याआधी

तीन फोन करा. पहिला बीएमएस ऑपरेटरला, म्हणजे स्क्रीनवर काय दिसतंय ते तो सांगू शकेल. दुसरा फायर पॅनेल सांभाळणाऱ्याला: गळतीचा पॉइंट तेवढ्यापुरता बायपास करायचा आणि बायपास केल्याची वेळ लिहून ठेवायची. तिसरा एसीचं काम पाहणाऱ्याला. चिल्ड वॉटरचा व्हॉल्व्ह या पॅनेलवरून बंद होत असेल तर तो मॅन्युअलवर घ्या. नाहीतर तुमच्या चाचणीत पाणी बंद होईल आणि वीस मिनिटांनी सर्व्हर तापल्याची तक्रार येईल.

सामान साधं आहे: बीप देणारा मल्टिमीटर, टेस्टर, बारीक स्क्रू ड्रायव्हर, पिन लग आणि क्रिम्पिंग प्लायर, फेरूल, एक सुती फडकं, नळाचं पाणी, कोरडी फडकी आणि रजिस्टर.

आधी रिले समजून घ्या

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे थांबू. रिलेला तीन टर्मिनल असतात: कॉमन, एनओ आणि एनसी. पट्टीवर छापलेली ही नावं रिलेच्या कॉइलला वीज नसतानाची आहेत. ‘सगळं ठीक असतानाची’ ती नव्हेत. कॉइलला वीज नसेल तर कॉमन आणि एनसी जुळलेले असतात, कॉमन आणि एनओ सुटलेले.

आता पॅनेल फेल-सेफ पद्धतीने लावलेलं असेल तर सगळं ठीक असताना कॉइलला वीज असते. म्हणजे रोजच्या स्थितीत कॉमन-एनओ जुळलेले राहतात. गळती झाली की पॅनेल कॉइलची वीज काढून घेतं आणि कॉमन-एनओ सुटतात. पॅनेलचा सप्लाय गेला, फ्यूज उडाला, कोणी चुकून एमसीबी पाडला, तरी तेच होतं. दुसऱ्या पद्धतीत कॉइलला वीज फक्त अलार्मच्या वेळी मिळते. तिथे मेलेलं पॅनेल आणि कोरडी फरशी बाहेरून अगदी सारखी दिसतात.

माझं मत सरळ आहे: बीएमएससाठी फेल-सेफच ठेवा आणि कॉमन-एनओ वापरा. संपर्क जुळलेला म्हणजे ठीक, सुटलेला म्हणजे अलार्म. मग वायर उंदराने कुरतडली तरी कंट्रोल रूमला कळतं. यावर कोणी म्हणेल की वायर तुटली तर उगाच गळतीचा अलार्म येईल. येऊ दे. माणूस जाऊन बघेल, फरशी कोरडी दिसेल, वायर सापडेल. उलट वायर तुटूनही काहीच कळलं नाही, तर ते कळेल पाणी यूपीएसच्या बॅटऱ्यांपर्यंत गेल्यावर.

पॅनेल नेमकं कोणत्या पद्धतीवर आहे हे स्टिकर वाचून ठरवू नका, मीटर लावून ठरवा. बाहेरच्या वायरी जोडण्याआधी, सप्लाय बंद ठेवून, कॉमन आणि एनसीवर मीटर लावा. बीप यायला हवा. मग सप्लाय द्या, पॅनेल सुरू होऊन हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा आणि मीटर कॉमन-एनओवर आणा. इथे बीप आला तर पॅनेल फेल-सेफवर आहे. अजूनही एनसीवरच बीप येत असेल तर मेनूमधली किंवा बोर्डवरच्या डिप स्विचची सेटिंग बदलावी लागेल. लीक आणि फॉल्ट दोन्ही रिले असे तपासा. एक फेल-सेफ आणि दुसरा साधा, अशी पॅनेलंही सापडतात.

जोडणी

पॅनेलचा सप्लाय बंद करा आणि तरीही टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. चालू जागी काम करत असाल तर ही पायरी जिवाची आहे. रिलेच्या संपर्कातून दुसऱ्या पॅनेलचा सप्लाय फिरत असू शकतो. चौकीतल्या हूटरचे २३० व्होल्ट कोणीतरी थेट या रिलेतून नेलेले असतात आणि गळतीचं पॅनेल बंद केल्याने ते जात नाहीत.

सिग्नलची वायर दोन कोरची, पीळ असलेली, शिल्डची घ्या. ती पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका. ग्लँडही वेगळा द्या. शिल्डला अर्थिंग एकाच टोकाला, दुसरं टोक टेप लावून मोकळं. वायर मेगर करायची असेल तर दोन्ही टोकं सुटी असतानाच करा. ५०० व्होल्टचा मेगर जोडलेल्या पॅनेलवर मारला तर आतली इलेक्ट्रॉनिक्स गेलीच समजा.

वायर सोलताना पिन लगच्या नळीइतकीच सोला, लग दाबा, दोन्ही टोकांना एकाच नंबरचे फेरूल घाला आणि स्क्रू आवळल्यावर वायर बोटांनी ओढून बघा. तांब्याऐवजी इन्सुलेशनवरच स्क्रू बसलेला असला तर दिसायला जोडणी पक्की आणि मीटरवर शांतता. लगमधून एखादी तार बाहेर राहिली आणि शेजारच्या टर्मिनलला टेकली, तर अलार्म कधी येतो कधी नाही, असला भुताटकीचा दोष तयार होतो. भिंग लागलं तर घ्या, पण तार बाहेर ठेवू नका.

बीएमएसच्या डिजिटल इनपुटला फक्त कोरडा संपर्क हवा असतो. लागणारं व्होल्टेज कंट्रोलर स्वतः देतो. तुमच्या बाजूने त्यात २४ व्होल्ट सोडू नका.

फायर पॅनेलचं गणित उलटं आहे. त्याच्या मॉनिटर मॉड्यूलला साधारणपणे संपर्क जुळला की अलार्म कळतो आणि लाइन सुटली की फॉल्ट. म्हणून इथे, पॅनेल फेल-सेफवर असताना, कॉमन-एनसी वापरावा लागतो. एकाच रिलेवरून बीएमएस आणि फायर पॅनेल दोन्ही ओढू नका. दोघांचे सप्लाय एकमेकांत शिरतात. दुसरा रिले किंवा रिलेचा दुसरा सेट घ्या. मॉड्यूलसोबत आलेला एंड-ऑफ-लाइन रेझिस्टर गळतीच्या पॅनेलच्या टोकाला, रिलेच्या संपर्कावर बसवायचा असतो. घाईत लोक तो मॉड्यूलच्याच टर्मिनलवर लावून मोकळे होतात. फायर पॅनेल समाधानी, आणि मधल्या साठ मीटर वायरवर कोणाचंच लक्ष नाही. हा पॉइंट फायर पॅनेलमध्ये ‘फायर’ म्हणून नव्हे, देखरेखीचा म्हणून प्रोग्रॅम करून घ्या. बादलीभर पाण्यापायी इमारत रिकामी व्हायला नको.

हूटर किंवा व्हॉल्व्ह चालवायचा असेल तर मध्ये २४ व्होल्टचा वेगळा रिले घाला. गळतीच्या पॅनेलचे संपर्क लहान असतात, कॉइलच्या झटक्याने ते चिकटतात. डीसी कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा: पट्टीची बाजू प्लसकडे. एसी कॉइलवर डायोड चालत नाही, तिथे आरसी स्नबर हवा. व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हावा का, हा प्रश्न मात्र वायरमनने सोडवायचा नाही. चिल्ड वॉटर बंद केलं तर गळती थांबते आणि कूलिंगही थांबतं. सर्व्हरवाल्यांशी बोलून लेखी ठरवा. बंद करायचं ठरलं तर उघडण्याचं काम माणसाच्या हाताने होईल असंच ठेवा. केबल वाळली म्हणून व्हॉल्व्ह स्वतःहून उघडता कामा नये.

काही पॅनेलं गळती किती मीटरवर आहे तेही सांगतात. हा आकडा ४ ते २० मिलिअँपिअरवर येत असेल तर हिशेब सोपा: रेंज ०-१०० मीटर धरली तर ५० मीटरला १२ मिलिअँपिअर. मीटर सीरिजमध्ये लावायचा, समांतर नाही. मॉडबस असेल तर ए-बी तपासा, कारण सगळे उत्पादक ही अक्षरं एकाच अर्थाने छापत नाहीत. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहम लावा. सप्लाय बंद असताना ए आणि बी मध्ये साधारण ६० ओहम दिसले तर दोन्ही जागेवर आहेत. आकडा शेजारच्या रजिस्टरचा येत असेल तर पत्ता एकाने मागेपुढे करून बघा. ४०००१ हा काही सॉफ्टवेअरमध्ये शून्य असतो.

चाचणी

पाणी शेवटी. आधी पॅनेलजवळ बीएमएसच्या वायरीपैकी एक सोडवा आणि ऑपरेटरला विचारा. स्क्रीनवर अलार्म यायला हवा आणि तोही योग्य नावाचा. लीकची वायर काढल्यावर ‘फॉल्ट’ दिसला तर जोड्या उलटल्या आहेत. एका वेळी एकच वायर काढायची ती याचसाठी. नाव वाचताना आणखी एक गोष्ट बघा. ‘डीआय ७ अलार्म’ हा मजकूर रात्रपाळीच्या वॉचमनला काहीही सांगत नाही. ‘सर्व्हर रूम, एसी २ खाली पाणी’ असं मराठीत लिहून घ्या.

आता फडकं. नळाच्या पाण्यात बुडवून पिळा आणि साधारण वीतभर केबलवर गुंडाळा. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घेऊ नका. केबल पाण्यातल्या क्षारांमुळे वाहणारा प्रवाह ओळखते आणि त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. मीठ घालूनही बघू नका, त्याचा थर केबलवर राहतो आणि नंतर नुसत्या दमट हवेतही अलार्म येत राहतो. जाता जाता: एसीच्या कॉइलवरून ठिबकणारं पाणीही क्षारांनी गरीबच असतं. म्हणून नळाच्या पाण्याची चाचणी झाल्यावर ड्रेन ट्रेमधलं पाणी घेऊन एकदा पुन्हा करा. त्याला पॅनेल दाद देत नसेल तर संवेदनशीलता वाढवावी लागेल. या खोलीत बहुतेकदा येणारं पाणी तेच आहे.

फडकं लावल्याची वेळ, पॅनेल वाजल्याची वेळ आणि बीएमएसवर दिसल्याची वेळ, तिन्ही लिहा. पॅनेलमध्ये विलंब सेट केलेला असेल तर तेवढं थांबा. अंतर दाखवणारं पॅनेल असेल तर केबलच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीन ठिकाणी करा आणि आकडा फरशीच्या नकाशाशी ताडून बघा.

फडकं जागेवर असतानाच बझर बंद करण्याचं बटण दाबा. आवाज थांबला पाहिजे, रिले तसाच राहिला पाहिजे. बझरसोबत बीएमएसचा अलार्मही गेला तर वायरिंग किंवा सेटिंग चुकलं आहे. मग फडकं काढा, केबल कोरडी पुसा. लॅच ठेवलेलं असेल तर पॅनेल रिसेट दाबेपर्यंत अलार्मवरच राहील. तसं राहिलेलं चांगलं.

पुढे केबलच्या शेवटचा टर्मिनेटर काढा: फॉल्ट यावा, लीक नाही. तो परत लावा. मग पॅनेलचा एमसीबी पाडा. आत बॅटरी असेल तर तीही सोडवा, नाहीतर चाचणी बॅटरीची होते. दोन्ही अलार्म बीएमएसवर दिसले तर फेल-सेफ खरोखर चालू आहे. फायर पॅनेलच्या माणसाकडूनही प्रत्येक वेळी त्याच्या स्क्रीनवर काय आलं ते विचारून घ्या.

एवढं झालं तरी शेवटचा दुवा उरतो, तो म्हणजे माणूस. मॅनेजरची परवानगी घेऊन एकदा रात्री दहानंतर, चौकीत न सांगता फडकं लावा आणि कोणाचा फोन वाजतो ते बघा. जीएसएम डायलरमधल्या सिमचं रिचार्ज संपलेलं असणं किंवा यादीत नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा नंबर असणं, हे दोष कुठल्याच मीटरवर दिसत नाहीत.

ही सगळी चाचणी मे महिन्यात, पावसाच्या आधी करा. एसीची सर्व्हिसिंग झाल्यावर किंवा फरशी उचलून कोणी नवी केबल ओढल्यावर निदान फडकं आणि टर्मिनेटर एवढं तरी करा. निघताना व्हॉल्व्ह ऑटोवर घ्या, फायर पॅनेलचा बायपास काढून घ्या आणि तो काढल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहा. ती नोंद नसेल तर चाचणी अपुरी आहे, सही करू नका.