उंचावरील स्वयंपाक आणि भांड्यांचे वजन

हिमालयात 4,500 मीटर उंचीवर तंबू ठोकून बसलेल्या पदयात्रिकांच्या पातेल्यात पाणी खळखळून उकळत असते. तरी त्यातील तुरीची डाळ तासाभरानेही शिजत नाही. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक असल्यामुळे पाणी सुमारे 85 अंश सेल्सियसलाच उकळू लागते. ज्वाला कितीही मोठी केली तरी उघड्या भांड्यातील पाणी त्याहून अधिक तापत नाही. वाफ तेवढी वाढते आणि रॉकेल संपते. म्हणून पाठीवर न्यावयाचे भांडे निवडताना त्याचे एकट्याचे वजन पाहून भागत नाही. त्यासाठी वाहावे लागणारे इंधनही सोबतच तोलले पाहिजे.

ॲल्युमिनियम पाण्याच्या 2.7 पट, टिटॅनियम 4.5 पट, तर स्टेनलेस स्टील सुमारे 8 पट जड असते. टिटॅनियम बळकट असल्याने त्याचा पत्रा फार पातळ ठेवता येतो, आणि भांडे हलके होते. मात्र त्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या सुमारे एकदशांशच आहे. ज्वालेवरचा भाग तेवढा तापतो व भात तेथेच करपतो. चहाचे पाणी तापवण्यास ते उत्तम. स्वयंपाकास ॲल्युमिनियमच बरे.

वाहते पाणी नसेल तर बर्फ वितळवावा लागतो. एक किलो बर्फ नुसता वितळण्यासच 80 किलोकॅलरी उष्णता लागते. जवळजवळ तेवढीच पुढे ते पाणी उकळेपर्यंत लागते. अशा वेळी रुंद, सपाट बूड आणि घट्ट झाकण यांचे मोल पत्र्याच्या जाडीहून अधिक ठरते.

लहान प्रेशर कुकर किलोभराहून जड असतो, हे खरे. पण समुद्रसपाटीवर सुमारे 120 अंश गाठणारा कुकर या उंचीवरही 113 अंशांच्या आसपास पोहोचतो. चौघांना आठवडाभर डाळभात खावयाचा असेल, तर त्याचे ओझे वाचलेल्या इंधनातून भरून निघते. दोघांनी दोन रात्रींसाठी तो नेणे मात्र व्यर्थ होय; पोहे आणि सत्तू यांना शिजवावेच लागत नाही.

बर्फाने भरलेले थंडगार भांडे ज्वालेला टेकले की ज्वाला निवते, ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड वायू अधिक निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद तंबूत तो प्राणघातक ठरतो. बाहेर बोचरा वारा असला तरी स्टोव्ह तंबूबाहेर, दगडांच्या आडोशाला पेटवावा.