मातीतल्या जंतूंपासून तेल: आधी हिशोब, मग प्रयोगशाळा

मातीतून तेल देणारे सूक्ष्मजीव कसे शोधतात, ते व्हिडिओत पाहिलंत. इथे थोडक्यात उजळणी आणि मग खरा मुद्दा, म्हणजे पैसा.

काही यीस्ट आणि बुरशी पेशीत तेल साठवतात. वाळलेल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त तेल असेल, तर ती जात कामाची. लिपोमायसिस स्टार्की ही अशीच मातीतली यीस्ट. शोधायची युक्ती सोपी आहे: साखर भरपूर द्यायची, नायट्रोजन कमी. नायट्रोजन संपला की पेशींची वाढ थांबते, पण साखर समोर असतेच. मग ती चरबी होऊन साठते. (व्यायाम बंद, जेवण चालू!) मातीचं पातळ केलेलं पाणी अशा प्लेटवर पसरतात, बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल घालतात. वाढलेल्या वसाहतीतल्या पेशी सुदान ब्लॅकने रंगवल्या की तेलाचे थेंब मायक्रोस्कोपखाली निळे-काळे दिसतात. हे घरी करू नका. काही बुरशी विषारी द्रव्यं तयार करतात. कॉलेजच्या मायक्रोबायॉलॉजी विभागाशी बोला.

आता हिशोब. एक किलो तेलाला साधारण पाच किलो साखर लागते. साखर ४० रुपये किलो धरली, तर २०० रुपये नुसत्या साखरेत गेले. मळी वापरून हा आकडा खाली येईल, पण वीज, हवा, निर्जंतुकीकरण आणि पेशी फोडून तेल काढण्याचा खर्च तसाच राहतो. म्हणजे शेंगदाणा-सोयाबीन तेलाशी स्पर्धा करायचा विचारच सोडा.

मग दुर्मिळ तेल काढायचं? हो, पण तिथेही सांभाळून. ब्रिटनमधल्या जे. अँड ई. स्टर्ज कंपनीने १९८५ मध्ये म्युकर बुरशीपासून गॅमा-लिनोलेनिक आम्लाचं तेल बाजारात आणलं. तंत्र चाललं, माल चांगला होता. पण तेच आम्ल बोरेजच्या बियांच्या तेलातून स्वस्तात मिळू लागलं आणि काही वर्षांतच उत्पादन बंद पडलं. उलट मॉर्टिएरेला अल्पिना या मातीतल्या बुरशीचं तेल आजही बाळांच्या दूध पावडरीत जातं. का? त्यातलं ॲराकिडोनिक आम्ल आपल्या नेहमीच्या बियांच्या तेलात मिळतच नाही.

म्हणून माती गोळा करण्याआधी एक काम करा. तुमच्या डोक्यात जे तेल आहे, ते एखाद्या बीमधून मिळतं का आणि कोणत्या भावाने, हे दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारा. खाण्यासाठी विकणार असाल तर एफएसएसएआयची नव्या घटकाची मंजुरी लागेल का, हेही आधीच तपासा. आणि जंतू स्वतःच शोधायला हवा असंही नाही. पुण्यात एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथून ओळख पटलेली जात विकत मिळते. भाव विचारून आलात की कमेंटमध्ये आकडे टाका, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बसू.