प्राचीन चीनची कांस्यपात्रे व शिशाचा विचार

रसशास्त्रात आठ भाग ताम्र व दोन भाग वंग यांच्या मिश्रणास कांस्य म्हटले आहे. या संदर्भात चीनमधील शांग राजवंशाची (इ. स. पू. सुमारे १६०० ते १०४६) विधिपात्रे आम्हांस अभ्यसनीय वाटतात. पितरांना अन्न अर्पण करण्यासाठी तिपायी वा चौपायी 'दिंग', तर मद्यासाठी 'ज्युए' हे पात्र वापरीत. मातीच्या साच्याचे तुकडे गाभ्याभोवती जुळवून मधल्या पोकळीत धातुरस ओतीत. आन्यांग येथे १९३९ साली सापडलेल्या चौपायी दिंगचे वजन सुमारे ८३३ किलो असून त्यात ताम्र सुमारे ८५, वंग १२ व शिसे ३ टक्के आढळले. तेथेच १९७६ साली उत्खनन झालेल्या राणी फू हाओच्या थडग्यात अशी २०० हून अधिक पात्रे मिळाली.

शिशामुळे धातुरस प्रवाही होऊन बारीक नक्षीत नीट उतरतो. परंतु अम्ल द्रवात शिसे विरघळते. त्यामुळे अशा पात्रांतील मद्यातून तत्कालीन उच्चवर्गास शिशाची बाधा होत असावी, अशी शक्यता संशोधकांनी वर्तविली आहे.

कांस्यपात्रात दहा दिवस ठेवलेले घृत वर्ज्य मानून वाग्भटाचार्यांनी पात्र व द्रव्य यांच्या संयोगाचा विचार केलाच आहे. केवळ झळाळी व नाद यांवरून शिशाचा अंश कळत नाही. म्हणून औषधनिर्मात्यांनी घटक अज्ञात असलेल्या कांस्यपात्रात आसवारिष्टे, कांजी वा तक्र ठेवू नये, त्यासाठी काचपात्र योजावे. आणि जुने पात्र वापरण्यापूर्वी प्रयोगशाळेत अवश्य तपासून घ्यावे, असे आम्ही सुचवितो.