क्लच केबल तुटण्याआधी बदला

जुन्नर-आंबेगावात शेत ते कारखाना ही आपली धावपळ बहुधा मोटारसायकलवरच. ऐन तोडणीत किंवा माळशेज घाटात केबल तुटली की खोळंबा ठरलेला. क्लच जड लागला, दाबूनही गिअर अडखळला, तर लिव्हरजवळचे टोक पाहावे. एक जरी तार तुटलेली दिसली तर केबल बदलावी. तुटकी तार तेलाने सांधत नाही.

इंजिन बंद करून दोन्ही टोकांचे नट सैल करावेत. जुनीची वाट नीट पाहून नवी तिथूनच न्यावी, टोकांना ग्रीस लावावे. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर ढील ठेवावी; ढील नसेल तर क्लच प्लेटा घसरून जळतात. हँडल दोन्हीकडे वळवून केबल ताणत नाही ना, हे पाहूनच निघावे, असे आम्ही सुचवितो.