तेलाचा बाजार पुढाऱ्यांच्या बोलण्याला भीक का घालत नाही?



गटसभेत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "अमेरिकेच्या अध्यक्षांनी मोबाईलवर लिहिलं की तेल स्वस्त झालं पाहिजे. मग भाव का हलत नाही? आणि कधी कधी कुणी काहीच बोलत नाही, तरी भाव का उसळतो?" प्रश्न रास्त आहे, आणि ऊस उत्पादकाला तो लांबचा नाही. डिझेल, ऊस वाहतूक, खत, सगळ्यांवर तेलाची सावली आहे. शिवाय ब्राझीलमधले कारखाने तेल महागले की उसाचा जास्त भाग इथेनॉलकडे वळवतात आणि तेल उतरले की साखरेकडे. म्हणजे तेलाचा भाव फिरून आपल्या साखरेच्या पोत्यापाशी येतो. म्हणून हा पाठ.

मुंबईचा जुना धडा

तेलाकडे जाण्याआधी आपण कापसाकडे जाऊ. हा धडा मुंबईने दीडशे वर्षांपूर्वी घेतला, आणि तोही रोख पैसे मोजून.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्या वर्षी एप्रिल महिन्यात अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस याच बंदरांतून जाई. तेव्हा भाव त्याच दिवशी आभाळाला भिडायला हवा होता. तसे झाले नाही. कारण १८६० चे अमेरिकेतले पीक दांडगे आले होते आणि लिव्हरपूलच्या वखारी भरलेल्या होत्या. जाहीरनामा कागदावर होता, कापूस वखारीत होता. बाजाराने वखारीकडे पाहिले.

पुढे जहाजे खरोखरच येईनाशी झाली, साठा संपत गेला, आणि १८६२ मध्ये लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. तेव्हा भाव पेटला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस कुलाब्याच्या बाजारात येऊन पडू लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुराबरोबर सट्टाही आला. गिरगाव चौपाटीपुढचा समुद्र, म्हणजे बॅक बे, भरून जमीन काढण्यासाठी एक कंपनी निघाली. तिच्या ५,००० रुपयांच्या शेअरला ५०,००० पर्यंत भाव बोलला गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती!

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार हे उघड झाले आणि भाव कोसळला. १ जुलै १८६५ ला वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी अनेक पेढ्यांना पैसे देता आले नाहीत. मोठमोठी नावे बुडाली.

कापसाचा बाजार पुढे कुलाब्याहून शिवडीला गेला. परळ-लालबागला लागून असलेले 'कॉटन ग्रीन' स्टेशन त्याच बाजाराचे नाव सांगते. पण धडा मात्र एवढाच आहे: भाव बोलण्याने हलत नाही. माल येणार की नाही, यावर हलतो.

तेलाचा भाव कशाने हलतो?

आता तेलाकडे वळू. साऱ्या जगाला रोज सुमारे १० कोटी बॅरल तेल लागते. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. मुंबई बंदरात जवाहर द्वीप नावाचे बेट आहे. तेथे जहाजांतून कच्चे तेल उतरते आणि समुद्राखालच्या नळांतून माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांत जाते. बाजारातला जाणकार मुख्यतः चार गोष्टी पाहतो.

१. टाक्यांत साठा किती आहे.
२. जहाजांचा मार्ग मोकळा आहे काय. एकट्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून २०२४ साली रोज सुमारे २ कोटी बॅरल तेल जात होते.
३. सौदी अरेबियासारख्या देशांकडे जादा उत्पादन काढण्याची ताकद किती शिल्लक आहे.
४. जगात मागणी वाढते आहे की घटते आहे.

पुढाऱ्याने चार ओळी लिहिल्या म्हणून यातल्या एकाही टाकीत थेंबभर तेल वाढत नाही की कमी होत नाही. एखाद्या सभेत "उसाला एवढा दर मिळालाच पाहिजे" असे कुणी गरजले, तर टाळ्या पडतात. गव्हाणीत मात्र तेवढाच ऊस पडतो. तसेच हे.

बोलणे वेगळे, हुकूम वेगळा

अलीकडची उदाहरणे तारखांसह पाहू.

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तेल उत्पादक देशांना उद्देशून लिहिले की भाव फार चढले आहेत, जरा सबुरीने घ्या. त्या दिवशी भाव तीन टक्क्यांवर उतरला. पण त्या देशांनी उत्पादन वाढवले नाही. एप्रिलच्या अखेरीस ब्रेंट तेल ७४ डॉलरच्या आसपास जाऊन बसले. शब्दाचा असर टिकला नाही, कारण शब्दामागे माल नव्हता.

१४ जुलै २०२५ रोजी त्यांनीच धमकी दिली की ५० दिवसांत रशियाने तडजोड केली नाही, तर रशियाचा माल घेणाऱ्यांवर १०० टक्के जकात बसवू. धमकी मोठी होती, तरी त्या दिवशी भाव उलट उतरला. बाजाराने '१०० टक्के' वाचले नाही, '५० दिवस' वाचले. पुढे ६ ऑगस्टला रशियन तेल घेतो म्हणून भारतीय मालावर २५ टक्के जादा जकातीचा हुकूम निघाला. त्या दिवशीही तेल चढले नाही. जकात आपल्या मालावर होती, तेलाच्या जहाजांवर नव्हती.

आता याच्या उलट पाहा. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेने रॉसनेफ्ट आणि लुकॉईल या रशियाच्या दोन सर्वांत मोठ्या तेल कंपन्यांवर निर्बंध घातले. दुसऱ्या दिवशी भाव पाच टक्क्यांच्या आसपास उसळला. का? तर आता बँकांना, विमेवाल्यांना आणि जहाज कंपन्यांना प्रत्यक्ष हात आखडावे लागणार होते. माल अडणार होता.

त्यातून शब्द वारंवार वापरला की त्याची किंमत उतरते. लांडगा आला रे आला, असे रोज ओरडणाऱ्या पोराचे गावाने काय केले, ते आपल्याला ठाऊकच आहे.

एप्रिल २०२० ची गोष्ट

कुणी म्हणेल, "पण कधी कधी तर एका ओळीवर भाव उडतोच की!" खरे आहे. २ एप्रिल २०२० रोजी, कोरोनाच्या टाळेबंदीत, ट्रम्प यांनी लिहिले की सौदी आणि रशिया उत्पादनात मोठी कपात करतील. अमेरिकी तेल एका दिवसात सुमारे पाव पटीने चढले. पुढे १२ एप्रिलला कपातीचा करारही झाला. तो खोटा नव्हता. पण कपात मे महिन्यापासून होणार होती, आणि जगातली वाहने व विमाने तर आधीच थांबली होती. टाक्या भरत चालल्या होत्या. २० एप्रिलला अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा वायदा शून्याच्या खाली, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या, अशी वेळ आली. कारण ठेवायला जागा नव्हती.

याचा फटका थेट मुंबईला बसला. टाळेबंदीमुळे मुंबईच्या मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजचे व्यवहार संध्याकाळी ५ वाजताच बंद होत होते. त्या दिवशी बंद होताना भाव होता बॅरलला ९६५ रुपये. रात्री न्यूयॉर्क कोसळले आणि येथील सौदे उणे २,८८४ रुपयांनी पुरे करायचे ठरले. काही दलाल उच्च न्यायालयात गेले. हिशेब करून पाहा: ज्याने ९६५ ने १०० बॅरलचा एक सौदा घेतला असेल, त्याचे बॅरलमागे ३,८४९ रुपये, म्हणजे एकूण ३,८४,९०० रुपये एका रात्रीत गेले. तेल त्याने डोळ्यांनीही पाहिले नव्हते.

गिरणगावातल्या जुन्या मंडळींना यात नवे वाटणार नाही. परळ-लालबागच्या चाळींत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या-मिटत्या भावाच्या आकड्यांवर पैसे लागत. लावणाऱ्याकडे ना कापूस, ना कापसाची गरज. कित्येकांचा पगार त्या आकड्यांत जिरला. आज तोच आकडा मोबाईलवर आला आहे, आणि आपल्या गावची तरुण पोरे उसाच्या बिलातले पैसे त्यावर लावू लागली आहेत. म्हणून हे इतक्या तपशिलाने लिहिले.

आपण काय ध्यानात ठेवावे?

आपल्या धंद्यालाही हाच नियम लागू आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. ते भाषण नव्हते, तो हुकूम होता. दलाल स्ट्रीटवर साखर कंपन्यांचे शेअर त्याच दिवशी पडले. आठवडाभरात १७ लाख टन साखरेइतक्या मर्यादेत पुन्हा परवानगी मिळाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी बंदी उठली. असे हुकूम बारकाईने वाचावेत. नुसत्या घोषणांवर मात्र लागण वाढवू नये, कर्ज काढू नये, की कुणाला शब्द देऊ नये.

यापुढे कुठलीही घोषणा कानावर आली, मग ती तेलाची असो, इथेनॉलची असो वा साखर निर्यातीची, तर चार प्रश्न विचारावेत:

१. बोलणाऱ्याच्या हातात माल आहे काय, किंवा माल अडवण्याचा अधिकार आहे काय?
२. लेखी हुकूम निघाला आहे काय?
३. तो कोणत्या तारखेपासून लागू आहे?
४. किती बॅरल, किती लिटर, किती टन?

चारही उत्तरे मिळाली, तर ती बातमी समजावी. एखादेही अडले, तर थांबावे. घाई बोलणाऱ्याला असते. ऊस बारा-अठरा महिने रानात उभा असतो, आणि त्याची जोखीम आपल्याच डोक्यावर असते.